कुणाची वायर कुणाला

मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर ज्या ठरलेल्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्या, केबलमधून आवाज जात नाही, हे बऱ्याच जणांना पटकन खरं वाटत नाही. कीबोर्डपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर गेलीये, पट्टी दाबली की स्पीकरमधून सूर येतो, मग वायरीतून सूरच जात असणार ना? पण जातात फक्त तीन बाइट. पहिला सांगतो की पट्टी दाबली गेली आणि ती कुठल्या चॅनलवर, म्हणजे त्या केबलमधल्या सोळा वाटांपैकी कुठल्या वाटेवर, दुसरा सांगतो कुठली पट्टी, तिसरा सांगतो किती जोरात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60 नंबर, तिच्या शेजारची काळी एक 61, आणि जोर 1 ते 127 मधला काहीतरी. बस, एवढंच. सूर तयार होतो दुसऱ्या टोकाला, जो कोणी हे तीन बाइट ऐकत बसला असेल त्याच्याकडे. आणि ऐकणारं कोणी नसेलच तर काहीही होत नाही, पाठवणाऱ्याला कळतसुद्धा नाही, कारण त्या जुन्या मिडीत नोट पोचली की नाही हे उलट सांगायची सोयच ठेवलेली नाहीये.

ही जी शांतता आहे ना, सगळे दिवे लागलेत, सगळ्या वायरी जागेवर आहेत, आणि पट्टी दाबली तर काही नाही, तिच्याबद्दल मला लिहायचंय. कारण त्यात मोडलेलं काहीच नसतं. फक्त कोणी कोणाचं ऐकायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

आधी हे सांगायला लागायचं नाही. म्हणजे सांगायला लागायचंच, पण ते हाताने व्हायचं. 1981 मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरांना, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्यांना, एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक कल्पना मांडली, जपानमधून रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आधीपासून त्याच दिशेने विचार करत होते, आणि जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम शोमध्ये, म्हणजे वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलंडचा ज्युपिटर-6 एका केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसरा वाजला. एकमेकांच्या धंद्यातल्या दोन कंपन्या, आणि त्यांची वाद्यं एकत्र वाजतायत, हे त्या काळात खरंच मोठं होतं, आणि मला अजूनही ते मोठं वाटतं. स्मिथ आणि काकेहाशी यांना 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. काकेहाशी 2017 मध्ये गेले, स्मिथ 2022 मध्ये.

त्यांनी निवडलेली केबल पाच पिनांची, गोल तोंडाची, स्वस्तातली. पाचातल्या दोन पिना तर तेव्हा वापरातच नव्हत्या. वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे एक नोट जायला साधारण एक मिलिसेकंद. वाद्याच्या मागे तीन सॉकेट असायची, इन, आउट आणि थ्रू. ह्याच्या आउटमधून निघून त्याच्या इनमध्ये घातली की झालं, हा बोलणार आणि तो ऐकणार. थ्रू म्हणजे इनमध्ये आलेलं जसंच्या तसं पुढच्याला द्यायचं. ह्या सगळ्यात महत्त्वाचं हे की कोण कोणाचं ऐकतंय हे डोळ्याला दिसायचं. वायर हाच निर्णय होता. लाइट गेली, परत आली, वाद्य बंद करून चालू केलं, खोली झाडताना टेबल सरकवलं, काहीही झालं तरी वायर तिथेच असायची म्हणून निर्णयही तिथेच असायचा. तो लक्षात ठेवायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

मग 1999 मध्ये यूएसबी मिडीचं स्टँडर्ड आलं आणि ती गोल केबल हळूहळू घरांतून गेली. यूएसबीची वायर सोयीचीच आहे, करंट पण तीच देते, पण ती एका वाद्याकडून दुसऱ्या वाद्याकडे जात नाही, ती सरळ कॉम्प्युटरमध्ये जाते आणि तिथे थांबते. त्यापुढे कुठे जायचं हे वायर सांगत नाही. गंमत बघा, त्या स्टँडर्डमध्ये प्रत्येक निरोपावर एक केबल नंबर असतो, एका खऱ्या वायरीतून 16 मानलेल्या केबली धावू शकतात. म्हणजे केबली नाहीशा झाल्या नाहीत, त्या आत गेल्या. जो गुंता टेबलामागे होता तो आता मेमरीत आहे, आणि मेमरीतला गुंता मशीन बंद केली की सुटून जातो. चालू केल्यावर सगळी टोकं परत मोकळी.

माझ्याकडे हे सगळं लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच एका ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालतं म्हणून मी त्याच्याबद्दलच बोलतो. लिनक्समध्ये आवाजाचं काम बघणारा जो थर आहे, अल्सा, त्यात एक सिक्वेन्सर म्हणून भाग आहे, आणि तो मला मनापासून आवडतो कारण त्याच्यासमोर कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर दोघं सारखेच, दोघांनाही तो क्लायंट म्हणतो. प्रत्येकाला एक नंबर, प्रत्येकाला एक किंवा जास्त पोर्ट, म्हणजे जोडायची टोकं, आणि ए-कनेक्ट ही कमांड देऊन कुणाचंही टोक कुणालाही जोडता येतं. एकाचं दहा जणांना, दहा जणांचं एकाला. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, यादी मागितली की 0 नंबरला सिस्टिम दिसतं, 14 ला मिडी थ्रू, त्याखाली तुमचा कीबोर्ड, आणि 128 पासून पुढे चालू असलेली सॉफ्टवेअरं. जोडायला एक ओळ पुरते. ज्याला संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही आवडतं त्याच्यासाठी ही एक ओळ म्हणजे काहीच नाही.

पण आमच्या घरी हे वाद्य वाजवते आई.

आई वर्षानुवर्षं भजनी मंडळात पेटी वाजवत आलीये. पेटी अजून आहे, पण डावा खांदा दुखायला लागल्यापासून भाता मारणं तिला जड जातं, म्हणून मी हलक्या पट्ट्यांचा एक साधा मिडी कीबोर्ड आणला, त्याला स्वतःचा आवाज नाही, टेबलाखाली एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर, ठेवला, त्यावर फ्लुइडसिंथ नावाचं सॉफ्टवेअर टाकलं जे साउंडफॉन्टमधून, म्हणजे वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या फाइलमधून, आवाज काढतं, आणि त्याला पेटीचा एक बरा साउंडफॉन्ट शोधून दिला. शोधावा लागला, कारण मिडीवाल्यांनी 1991 मध्ये जी 128 वाद्यांची ठरलेली यादी केली, जनरल मिडी म्हणतात ती, तिच्यात सतार आहे, शहनाई आहे, पण आपली पेटी नाही, तिच्या जवळचं म्हणून रीड ऑर्गन आहे आणि ते ऐकून आई म्हणाली, "अरे, हे चर्चमधलं आहे." मॉनिटर नाही, माउस नाही, काही नाही. तिने बटण दाबायचं, खुर्ची ओढायची आणि वाजवायचं. काळी चारमध्ये गाते ती, ते सुद्धा ट्रान्सपोज न करता सरळ काळी चारलाच सा धरून वाजवते, त्यामुळे त्यातही माझी गरज नाही.

आणि मग कधीतरी ऑफिसमध्ये फोन यायचा, "अरे, पेटी आज बोलत नाहीये." ती त्याला पेटीच म्हणते. मी विचारायचो, लाल दिवा लागलाय का, तो लागलेला असायचा, पायचा हिरवा दिवा लुकलुकतोय का, तोही लुकलुकत असायचा. आईच्या दृष्टीने हे कोडं होतं आणि तिचं बरोबर होतं. पेटीचं झाकण उघडलं, भाता सोडवला, की पेटी बोलते. बोलली नाही तर काहीतरी फाटलंय किंवा सुरात कचरा अडकलाय. सगळं धडधाकट आहे आणि तरी बोलत नाही, असं वाद्याच्या बाबतीत होतच नाही. मला तेव्हा तिला समजावून सांगावंसं वाटलं नाही, कारण समजावण्यासारखं जे होतं ते तिच्या कामाचं नव्हतंच. जोडणी ही गोष्ट तिच्यासाठी अस्तित्वात असू नये, हेच माझं काम.

तर ती एक ओळ चालू होताना आपोआप चालवायची, एवढं सोपं वाटतं. पण त्या ओळीत नंबर असतात, आणि नंबर पक्के नसतात. अल्सा साउंड कार्डांना (यूएसबी कीबोर्डही त्याच्या लेखी एक कार्डच) ती सापडतील त्या क्रमाने 0, 1, 2 असे नंबर देतो, आणि सिक्वेन्सरमधला क्लायंट नंबर त्यावरून काढतो, 16 मध्ये कार्डाच्या नंबराची चौपट मिळवून. कार्ड 1 असेल तर कीबोर्ड 20 ला, कार्ड 2 असेल तर 24 ला, 3 असेल तर 28 ला. पायला एचडीएमआयचं एक कार्ड असतं, हेडफोनचं एक, मी वर यूएसबीचं एक साउंड कार्ड लावलेलं, आणि आमच्याकडे दुपारी लाइट जाऊन आली की हे सगळे एकदम उठतात आणि कोण आधी हजर होईल याची खात्री नाही. काल 24 ला असलेला कीबोर्ड आज 28 ला. ओळ 24 ला हाक मारतेय, आणि 24 ला तो नाहीये.

म्हणून नंबरावर विसंबायचंच नाही, नावाने जोडायचं. ए-कनेक्टला नाव दिलेलं चालतं. पण नावांमध्येही खोच आहे. फ्लुइडसिंथ स्वतःचं जे नाव लावतो त्यात कंसात त्याचा प्रोसेस नंबर, म्हणजे चालू प्रोग्रामला सिस्टिमने दिलेला नंबर, असतो, आणि तो दर वेळी बदलतो. कीबोर्डचं नाव स्थिर, ऐकणाऱ्याचं नाव रोज वेगळं. मग नावाची फक्त सुरुवात जुळवायची, किंवा त्याच्या सेटिंगमध्ये त्याला ठरावीक नाव देऊन टाकायचं. फ्लुइडसिंथमध्ये ऑटोकनेक्ट म्हणून एक सेटिंगही आहे, ते चालू केलं की तो स्वतःच दिसेल त्या इनपुटला जाऊन चिकटतो, आणि घरात एकच कीबोर्ड आणि एकच सिंथ, म्हणजे आवाज काढणारं सॉफ्टवेअर, असेल तर खरं सांगतो, तेवढं करा आणि हा लेख इथेच सोडा, वाजवायला बसा.

पण जरा वाढलं की ते पुरत नाही. नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो यूडेव्हचा. यूडेव्ह म्हणजे कुठलंही यंत्र लावलं-काढलं की ज्याला कळतं तो, त्याला नियम लिहून देता येतो की असा कीबोर्ड लावला गेला की अशी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची छोटी फाइल, चालव. ऐकायला अगदी बरोबर. पण जोडणीला दोन टोकं असतात आणि यूडेव्हला एकच दिसतं. कीबोर्ड आधी लागला आणि सिंथ मागून उठला तर यूडेव्हने स्क्रिप्ट चालवली तेव्हा जोडायला समोर कोणीच नव्हतं, आणि सिंथ उठला तेव्हा यूडेव्हला त्याची खबर नाही कारण सिंथ हे यंत्र नाही, प्रोग्राम आहे. शिवाय यूडेव्हमधून चालवलेली स्क्रिप्ट पटकन संपावी लागते, ती वाट बघत बसली तर तिला मारून टाकतात, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय. म्हणून मग लोक स्क्रिप्टमध्ये जरा थांब, मग जोड असं लिहितात, आणि ते किती थांबायचं हे अंदाजाने. अंदाजावर चाललेली गोष्ट चार दिवस चालते आणि नेमकी एकादशीला चालत नाही.

दुसरा सल्ला म्हणजे दर दोन सेकंदांनी यादी बघायची आणि जोडलेलं नसेल तर जोडायचं. हे चालतं, खरंच चालतं, कितीतरी लोकांकडे वर्षानुवर्षं चालू असेल. पण ह्यात एक वाईट गोष्ट आहे आणि तिच्याकडे मी परत येतो.

खरी चावी अल्साने स्वतःच ठेवलेली आहे, सगळ्यांच्या नाकासमोर, यादीच्या अगदी वर. 0 नंबरच्या सिस्टिमला दोन पोर्ट असतात, एक टायमर आणि दुसरा अनाउन्स. ह्या अनाउन्सकडे कोणी लक्षच देत नाही. तो म्हणजे एसटी स्टँडवरचा भोंगा. कुठलाही क्लायंट आला, गेला, कुणाचा पोर्ट उघडला, बंद झाला, कुणी कुणाला जोडलं, कुणी सोडलं, सगळं तो सांगत असतो, आणि ज्याला ऐकायचं असेल त्याने फक्त त्या पोर्टला स्वतःला जोडून घ्यायचं. त्याला कीबोर्ड आणि प्रोग्राम असा भेद नाही. ए-सेक-डम्प नावाची छोटी कमांड आहे, ती 0:1 ला लावून बसा आणि कीबोर्डची वायर काढून घाला, पोर्ट गेला, पोर्ट आला अशा ओळी लगेच पडायला लागतात. मी पहिल्यांदा त्या बघितल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्यांनी हा सिक्वेन्सर लिहिला त्यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी विचार करून ठेवला होता की कोणाला तरी हे हवं असणार.

म्हणजे आता प्रोग्राम असा होतो. अनाउन्स ऐकत बसायचं. कोणीही नवीन आलं की आपल्या नियमांची यादी काढायची, ह्या नावाचा ह्या नावाला जोडायचा असं काही आहे का, आणि दुसरं टोक आत्ता हजर आहे का. हजर असेल तर जोडा. नसेल तर काही करू नका, तो येईल तेव्हा परत हाक येणारच आहे. कोण आधी, कोण नंतर, हा प्रश्नच उरत नाही. थांबण्याचे अंदाज नाहीत, दर दोन सेकंदांची टकटक नाही. तयार हत्यारंही आहेत, एजे-स्नॅपशॉट आत्ताच्या जोडण्यांचा फोटो काढावा तसा एक फाइल करून ठेवतो आणि मागे बसून ती परत उभी करतो, क्यूजॅकसीटीएलमध्ये पॅचबे, म्हणजे जोडण्यांचा फलक, आहे, आणि अमिडीमाइंडर तर नेमकं याच कामासाठी लिहिलेलं आहे. मॅकवर प्रत्येक यंत्राला एक कायमचा ओळख नंबर मिळतो आणि बरीच सॉफ्टवेअरं आपणहून सगळ्या इनपुटांना कान देतात, म्हणून तिथल्या लोकांना हा सगळा प्रपंच माहीतच नसतो. विंडोजची अडचण वेगळी, तिथे जुन्या पद्धतीत बहुतेक वेळा एक पोर्ट एकाच प्रोग्रामला मिळतो.

आता मुख्य गोष्ट. जोडायचं कसं हे जमलं की सगळ्यात मोठा मोह होतो सगळ्यांना सगळ्यांशी जोडून टाकायचा. दिसेल ते इनपुट, दिसेल ते आउटपुट, जोडा, कशाला नावं लिहीत बसायचं. हे करू नका, कृपया. मिडीमध्ये चक्कर थांबवणारं काहीही नाही. यादीतला तो 14 नंबरचा मिडी थ्रू, त्याच्यात जे जातं ते तसंच बाहेर येतं, त्याचं बाहेर आलेलं कुठल्यातरी प्रोग्राममधून फिरून परत त्याच्यात गेलं की एक नोट स्वतःच्या शेपटीमागे पळत सुटते आणि मशीनचा पंखा ओरडायला लागतो. स्वतःचा आवाज असलेला कीबोर्ड असेल आणि त्याचंच बोलणं कॉम्प्युटरमधून फिरून त्याला परत गेलं तर प्रत्येक सूर दोनदा वाजतो, पाठोपाठ, आणि ते जरा तोंड दाबून बोलल्यासारखं ऐकू येतं, त्यासाठी मिडीत लोकल ऑफ म्हणून 122 नंबरचा कंट्रोल मुद्दाम ठेवलाय. हल्लीच्या कंट्रोलरांचं तर आणखी वेगळं, त्यांना दोन-तीन पोर्ट असतात, एक पट्ट्यांचा आणि एक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरशी बोलण्याचा, प्ले-स्टॉपच्या बटणांचा. त्या दुसऱ्या पोर्टवर बटणं दाबली की तिथूनही नोट्सच येतात, त्याच तीन बाइटांच्या. तो पोर्ट पेटीला जोडला गेला तर स्टॉप दाबल्यावर मध्येच कुठलातरी तीव्र सूर वाजतो आणि भजन म्हणणारे वळून बघतात.

म्हणजे आपोआप जोडणारा प्रोग्राम हुशार असून उपयोग नाही. त्याने काय जोडायचं हे ठरवायचंच नाहीये. ते ठरवणारं माणूस असतं, ते पूर्वी वायर हातात धरून ठरवायचं, आता एका फाइलमध्ये दोन नावं लिहून ठरवतं. प्रोग्रामने फक्त तो निर्णय जपायचा, कोण कधी उठलं, कोणाला कुठला नंबर मिळाला, लाइट किती वेळा गेली ह्या सगळ्यातून. मला ही सीमा फार महत्त्वाची वाटते, आणि मिडीपुरतीच वाटते असंही नाही, पण इथे मिडीचंच बोलू.

आणि निर्णय जपायचा म्हणजे सोडलेला निर्णयही जपायचा. मगाशी जी वाईट गोष्ट म्हणालो ती ही. समजा रात्री मला लॅपटॉपवर दुसरा एक आवाज वापरून बघायचाय, म्हणून मी कीबोर्डची पेटीकडची जोडणी हाताने सोडली आणि दुसरीकडे लावली. दर दोन सेकंदांनी बघणारा प्रोग्राम म्हणतो, अरेच्चा, सुटलंय, जोडा. मी परत सोडतो, तो परत जोडतो. त्याच्या लेखी सुटणं म्हणजे बिघाड. त्याला हे कळतच नाही की वायर निघाल्यामुळे सुटलं आणि कोणीतरी मुद्दाम सोडलं ह्यात फरक आहे. अनाउन्स ऐकणाऱ्याला मात्र हा फरक कळू शकतो, कारण पोर्ट गेला ही बातमी वेगळी आणि जोडणी सुटली पण दोन्ही पोर्ट जागेवरच आहेत ही बातमी वेगळी. पहिल्या वेळी लक्षात ठेवायचं आणि तो परत आला की जोडायचं. दुसऱ्या वेळी गप्प बसायचं, माणसाने केलंय, त्याचं त्याला माहीत. एवढी एक अट लिहिली की घरातल्या यंत्राबरोबरचं भांडण संपतं. पुढे चांगल्या हत्यारांमध्येही हेच धोरण दिसलं तेव्हा वाटलं, ज्यांनी खरंच वाजवता वाजवता हे लिहिलंय त्यांना हे सुचणारच.

अजून एक, अडकलेल्या सुराचं. मिडीत सूर सुरू झाल्याचा निरोप वेगळा आणि थांबल्याचा वेगळा. आईने पट्टी दाबून धरलीये आणि तेवढ्यात नातवाचा पाय लागून वायर निघाली, तर सुरू झाल्याचा निरोप पोचलेला आहे, थांबल्याचा कधीच येणार नाही. पियानोचा आवाज असेल तर तो आपला विरून जातो. पेटीचा विरत नाही. तो वाजतच राहतो, वाजतच राहतो, आणि आई कावरीबावरी होऊन सगळ्या पट्ट्या दाबत बसते. जुन्या केबलच्या काळातही हा प्रश्न होता, म्हणून अॅक्टिव्ह सेन्सिंग नावाचा प्रकार होता, वाद्य दर काही क्षणांनी मी आहे, मी आहे म्हणत राहायचं, आणि 300 मिलिसेकंद काही ऐकू आलं नाही की ऐकणारा सगळे सूर बंद करायचा. पण ते ऐच्छिक होतं, अनेक वाद्यं पाठवतच नाहीत. तर माझ्या जोडणाऱ्याचं शेवटचं काम हे, पोर्ट गेल्याची बातमी आली की त्याला जोडलेल्या सिंथकडे सोळाही चॅनलवर 123 पाठवायचा, सगळे सूर बंद, आणि 64 शून्यावर, म्हणजे पेडल दाबलेलं राहिलं असेल तर तेही सुटू दे. काही ओळींचं काम आहे. पण ते झाल्यापासून आई वायरीला घाबरत नाही, आणि पूर्वी ती घाबरायची हे मला ती घाबरायची थांबल्यावर कळलं.

पाइपवायर, म्हणजे लिनक्सवर आवाज इकडून तिकडे पोचवणारं नवं सॉफ्टवेअर, आल्यापासून बरंच बदललंय, ते ऑडिओ आणि मिडी एकाच नकाशात दाखवतं, अल्साचे सगळे मिडी पोर्ट तिथेही दिसतात, आणि दोन्ही एकाच खिडकीत वायरी ओढून जोडता येतं, नवीन माणसाला तिथूनच सुरुवात करायला सांगेन. आवाजाच्या वायरी ते आपणहून जोडतं, मिडीच्या मात्र माझ्याकडे तरी सोडून देतं, आणि मला तेच योग्य वाटतं. मिडी 2.0 सुद्धा 2020 मध्ये आलं, लिनक्सच्या 6.5 कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, 2023 साली त्याची सोय झाली, त्यात दोन यंत्रं एकमेकांना विचारू शकतात की तुला काय काय येतं, म्हणजे इतक्या वर्षांनी ऐकणारा उलट बोलायला लागला. त्याचं मला कौतुक आहे. पण कोणी कोणाचं ऐकायचं हे त्यानेही ठरवलेलं नाही, ते फाइलमध्येच लिहायचंय.

सध्या माझ्यापुढे जे अडलंय ते हे की आईच्या मंडळातल्या एक काकू पण आता शिकायला येतात, आणि त्यांनी हौसेने आईच्याच मॉडेलचा कीबोर्ड घेतला. दोन्ही यूएसबीला लावले की दोघांचं नाव तंतोतंत एक. अशा साध्या कीबोर्डांमध्ये बऱ्याचदा सीरियल नंबर घातलेलाच नसतो, ह्याही दोन्हींत नाही, म्हणजे नावाने जोडायचा माझा सगळा नियम इथे आंधळा. काकूंची पट्टी पांढरी चार आणि आईची काळी चार, दोघींना वेगवेगळे आवाज हवेत, वेगवेगळी पातळी हवी, आणि मशीनला दोघी एकच. उरतं फक्त कुठल्या सॉकेटमध्ये वायर गेलीये ते, तेवढं कर्नलला नक्की माहीत असतं आणि यूडेव्हमधून काढता येतं. म्हणून आता वरच्या सॉकेटला आईचं नाव आणि खालच्याला काकूंचं नाव अशा पट्ट्या चिकटवल्यात, आणि यूडेव्हकडून सॉकेट विचारून, अल्साकडून क्लायंट नंबर विचारून दोन्ही जुळवणारा नियम लिहितोय. कार्डाचा नंबर दोघांनाही माहीत असतो, तो मधला दुवा. हे जमलं की कोड टाकतो इथे, आणि कोणी एकाच मॉडेलचे दोन कीबोर्ड सॉकेट न वापरता वेगळे ओळखले असतील तर खाली नक्की सांगा, मला खरंच हवंय.